दोरीदादांची बरगडी

पडदा वर जातोय. विंगेतल्या अंधारात दोरीपाशी एक माणूस उभा आहे. प्रेक्षकांना तो कधीच दिसत नाही. आज मात्र उजेड त्याच्यावरच टाकू या.

आम्ही त्यांना दोरीदादा म्हणायचो. एकतीस वर्षं आमचा दर्शनी पडदा त्यांनी वर नेला आणि खाली सोडला. जड मखमलीचा पडदा. वर जाताना तो थरथरला तर नाटक पडतं, अशी त्यांची ठाम समजूत. म्हणून ते पाय रोवून, श्वास कोंडून, कमरेतून पिळवटून एकाच बाजूला दोरी ओढायचे. नाटकं तरीही पडली, पण त्याचं खापर आम्हा नटांवर.

एका हंगामात लागोपाठ प्रयोग झाले आणि दादांच्या छातीत डावीकडे कळ येऊ लागली. आता हृदयविकाराची आमच्याकडे काय वाण? मी स्वतः तिसऱ्या अंकात छातीवर हात ठेवून दीडशे वेळा मेलो होतो आणि दादांनी ते सगळं विंगेतून पाहिलं होतं. आपलेही दिवस भरत आले, हे त्यांनी ओळखलं. डॉक्टरांचं नाव काढू देईनात. कारण आमच्या नाटकात डॉक्टर येतो, बॅग उघडतो, मान हलवतो आणि पडदा पडतो.

त्यांनी निरवानिरव सुरू केली. दोरी आमचं नेपथ्य उभारणाऱ्या सुताराच्या हाती सोपवली. तो ओढायला लागला की पडदा हिसके खात वर जायचा आणि दादा डोळे मिटून घ्यायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "दोरी सुटली की मी कोण हो? नुसता बाकावर बसलेला म्हातारा."

शेवटी दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पुढे झाल्या. आमचे नाटकातले कपडे शिवायच्या त्या. म्हणाल्या, "मरायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून मरा. छातीचं दुखणं अंगावर काढायला ती काय सर्दी आहे?"

दवाखान्यात मीही सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मग एका बोटाने छातीच्या हाडाशेजारी दाबलं, तसे दादा असे कळवळले की मला दीडशे प्रयोगांत तसं जमलं नव्हतं. वळताना दुखतं, खोकताना दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, हेही कळलं. दोरी कशी ओढता ते दाखवा, असं बाई म्हणाल्या. दादांनी हवेतली दोरी ओढली आणि मध्येच वाकडे होऊन थांबले.

"श्वास कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

"आत आहे," दादा दात आवळून म्हणाले.

हृदय खणखणीत होतं. बरगड्यांमधले स्नायू ताणले गेले होते आणि बरगडी छातीच्या हाडाला जुळते तिथे सूज होती. तीन आठवडे ओढाताण बंद, गरम पाण्याच्या पिशवीने शेक, जेवणानंतर गोळी. पण लोळत पडायचं नाही. खांदे हलकेच फिरवायचे, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा. नंतर दोरी ओढताना तोंड दोरीकडे, दोन्ही हात सारखे आणि श्वास सोडत. मात्र कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, धाप लागली, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा, हे बाईंनी दोनदा बजावलं.

दादा जरा हिरमुसलेच. एवढी निरवानिरव केली आणि निघाली काय, तर बरगडी! वहिनी घरापर्यंत हसत होत्या.

श्वास सोडणं मात्र जमेना. एकतीस वर्षांची खोड ती. घरी दाराच्या कडीला चादर बांधून सराव चालला. वहिनी शिवता शिवता "सोडा, सोडा" म्हणायच्या.

चौथ्या आठवड्यात तिसरी घंटा झाली. सुतार दोरीजवळच घुटमळत होता. दादांनी त्याला नजरेनेच दूर केलं, दोरीकडे तोंड केलं आणि लांब फुंकर सोडली. पहिल्या रांगेला नक्की ऐकू गेली असणार. पडदा जराही न थरथरता वर गेला. मी धावत जाऊन विचारलं, दुखलं का?

दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "नटवर्य, जरा बाजूला सरा. दोरीच्या आड येताय तुम्ही."