पिवळ्या कव्हरची रेकॉर्ड

लातूरची आमची बैठक भरायची एका कापड दुकानाच्या माडीवर. दुकान माझ्या मित्राचं. लिंगायत घर, पिढ्यान्‌पिढ्यांचा कापडाचा धंदा, आणि त्या घरात या एकट्याला जॅझचं वेड. मी नांदेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. महिन्यातून एका शनिवारी लोहा-अहमदपूर रस्त्याने एसटीने लातूर गाठायचं, मित्राकडे मुक्काम करायचा आणि रविवारी परत, असा शिरस्ता होता. बैठकीला एक शाळामास्तर यायचे, आणि कंधारहून एक कंपाउंडर यायचे. हा माणूस इंग्रजी शिकवतो म्हणजे त्याला जॅझमधलंही कळत असणार, असं सगळ्यांनी पहिल्याच दिवशी धरून टाकलं. मी तो समज दूर केला नाही. खरं सांगायचं तर मला तो आवडला.

त्या काळी आमच्याकडे रेकॉर्ड मिळवणं हेच मोठं काम होतं. कुणी हैदराबादला गेला, कुणाचा पाहुणा मुंबईहून आला, की एखादी हाती लागायची. आलेल्या प्रत्येक रेकॉर्डला आम्ही खाकी कागदाचं कव्हर घालायचो, शाळा उघडताना पोरांच्या पुस्तकांना घालतात तसं. हात लागून मूळ कव्हर मळू नये, एवढाच हेतू. खाकी कागदावर वादकाचं नाव इंग्रजीत लिहिण्याचं काम माझ्याकडे, कारण अक्षर बरं. खाकी कागद चढला म्हणजे रेकॉर्ड बैठकीत दाखल झाली. मात्र खालचं चित्र त्यानंतर कुणाच्याच नजरेस पडत नसे. चित्रांची माहिती म्हणून जी होती ती माझ्याजवळच्या जुन्या परदेशी मासिकांत, आणि ती मासिकं फक्त मी वाचायचो.

वहिनी, म्हणजे मित्राची बायको, उदगीरकडच्या. बैठक चालू असली की त्या आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसायच्या, मांडीवर निवडायला काहीतरी घेऊन. इंग्रजी त्यांना जेमतेम अक्षरं ओळखण्यापुरतं. पण एखादी रेकॉर्ड संपली की त्या मध्येच काहीतरी बोलायच्या, आणि ते आमच्या डोक्यात राहायचं. एकदा एका संथ वाजवलेल्या धुनेवर म्हणाल्या, "हे रडणं न्हाई. रडून झाल्यावर माणूस तोंड धुतंय बगा, तसलं हाय." मी मासिकात वाचलेलं कौतुक तोंडपाठ करून आलो होतो. ते मग मी बोललोच नाही.

एकदा त्या मामाकडे हैदराबादला गेल्या होत्या. रविवारी फुटपाथवर जुना माल मांडतात तिथे त्यांना एक रेकॉर्ड दिसली. पिवळं कव्हर, त्यावर काळ्या रंगाने काढलेलं एक ट्रम्पेट आणि एक उघडी खिडकी. खालच्या नावाची अक्षरं घरच्या दोन रेकॉर्डींवरच्या नावासारखीच आहेत, हे त्यांनी ताडलं. नवऱ्याला न सांगता आणली, आणि पुढच्या बैठकीत स्वतः बाहेर येऊन माझ्या हातात दिली. "भाऊजी, ही आमच्याकडून. कागद घाला, नाव ल्हिवा."

तो अल्बम मला माहीत होता. मासिकात त्याचं कव्हर पाहिलं होतं: निळसर फोटो, मान खाली घालून वाजवणारा वादक. हे चित्र त्याच्याशी कुठेच जुळत नव्हतं. तेव्हा बाजारात नकली कॅसेटींचा सुळसुळाट होता. मी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं आणि चौघांसमोर म्हणालो, "वहिनी, फसवलं तुम्हाला. ही नकली आहे. मूळ कव्हरवर फोटो असतो."

"वाजवून तर बघू," मित्र म्हणाला.

"नकली ते नकलीच. याला कागद कशाला घालायचा?"

मास्तर हसले. मित्रही हसला, पाहुण्याचं मन राखायला हसतात तसा. वहिनींनी रेकॉर्ड माझ्या हातातून घेतली आणि आत गेल्या. चहा त्या दिवशी नोकराने आणला. उंबऱ्याशी त्या पुन्हा बसल्या नाहीत.

चूक एवढ्यावर थांबली असती तर अजाणतेपणी झाली म्हणून सोडून देता आली असती. पण काही वर्षांनी पेपर तपासायच्या कामाने मुंबईला गेलो असता जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानात तोच अल्बम मला दोन वेगवेगळ्या कव्हरांत दिसला. एकावर तो निळा फोटो, दुसऱ्यावर नुसती मोठी अक्षरं. दुकानदाराला विचारलं तर तो सहज म्हणाला, "देश बदलला की कव्हर बदलतं, साहेब. जिथली कंपनी छापणार ती आपल्याकडचा चित्रकार लावणार. पुन्हा काढली की पुन्हा नवं चित्र. कव्हर काय बघता, रेकॉर्डच्या मधली चकती वाचा." वहिनींच्या रेकॉर्डची चकती मी वाचलीच नव्हती. रेकॉर्ड मी कव्हरातून बाहेरही काढली नव्हती.

परत आल्यावर हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बैठकीत माझा शब्द शेवटचा असायचा, आणि त्या शब्दाला एकदा तडा गेला की पुढे काय, ही भीती होती. आधी पुढच्या महिन्यावर टाकलं, मग विषय शिळा झाला असं स्वतःला समजावलं. पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, बैठक विरळ होत बंद पडली. मास्तर वारले. गेल्या वर्षी मित्रही गेला. त्याच्या दिवसकार्याला गेलो तेव्हाही वहिनींशी बोललो ते तब्येतीचं, पावसाचं.

मग या उन्हाळ्यात मित्राच्या मुलाचा फोन आला. "काका, माडी रिकामी करायलोत. बाबांच्या रेकॉर्डी एका संगीत शाळेला द्यायचं ठरलंय. त्यांना अस्सलच पाहिजेत. तुम्ही येऊन तेवढ्या निवडून द्या, बाकीच्या भंगारात घालतो."

पुन्हा मीच. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की वहिनींची रेकॉर्ड भंगारात जाणार असेल तर ती माझ्या एका वाक्यामुळे. ते वाक्य खोटं आहे हे माहीत असलेला मी एकटाच होतो.

आता नांदेड-लातूर रस्ता रुंद झालाय, पण माझ्या कमरेला तो पूर्वीइतकाच लांब. पोहोचलो तेव्हा माडीवर दोन ढीग तयार होते. मोठा ढीग खाकी कागदांचा, माझ्या अक्षरातल्या नावांचा. बाजूला तडा गेलेल्या चार-पाच रेकॉर्डी, आणि त्यांच्यावर ती पिवळी.

"ही इकडे कुणी ठेवली?" मी विचारलं.

"म्या," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. आता त्यांना काठी लागते. "नकली न्हवं का ती. तुमीच तर म्हनलात."

मुलगा खाली दुकानात गेला होता. मी ती रेकॉर्ड कव्हरातून पहिल्यांदाच बाहेर काढली. चकतीवर वादकाचं नाव, अल्बमचं नाव, कंपनीचं नाव, सगळं जिथल्या तिथे. भारतातच छापलेली आवृत्ती होती. मग मी सगळं सांगितलं, मुंबईच्या दुकानाचंही. ते सांगणं जड गेलं, कारण मुंबईपर्यंतचं अज्ञान होतं आणि त्यानंतरचं नव्हतं.

वहिनींनी कव्हरावरच्या खिडकीवरून बोट फिरवलं.

"यांना सांगितलंत का कधी?"

"नाही."

"त्यांनी एकदा वाजवू म्हनले होते. मीच न्हाई म्हनले. खोट्याला काय ऐकायचं." मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, माफ करा बिफ करा म्हनू नका. तुमी चौघांत बोलला होता. आता माझ्या एकटीजवळ येऊन चालत न्हाई. चौघांत बोला."

"चौघं कुठे राहिले, वहिनी?"

"कंधारवाले हायेत की. बोलवा त्यांना. माझा लेक बसंल, सून बसंल. झाले चार."

पुढच्या रविवारी कंपाउंडर नातवाच्या गाडीने आले. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. मुलाने माडीवरचा प्लेअर दुरुस्त करून आणला होता. सून वहिनींच्या शेजारी बसली. वहिनी या वेळी उंबऱ्याशी नव्हत्या, प्लेअरजवळच्या खुर्चीत होत्या. मी उभा राहून बोललो. रेकॉर्ड अस्सल आहे, तेव्हाही अस्सल होती, मी न पाहता बोललो, आणि कळल्यावर गप्प बसलो. एवढंच.

कंपाउंडरांनी चष्मा पुसला. "म्हंजी सर, आमाला इतकी वर्षं रेकॉर्डी अस्सल मिळाल्या, जाणकारच नकली मिळाला."

सून तोंडावर पदर धरून हसली. वहिनींनी तिच्याकडे बघितलं आणि मग त्याही हसल्या. मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मी लपवलं नाही.

मुलाने रेकॉर्ड लावली. इतकी वर्षं न वाजलेली तबकडी, जवळजवळ खरखर नाहीच. ट्रम्पेट एकटं सुरू झालं, मग मागून ड्रम आले. पहिली बाजू संपली तशी सगळ्यांनी जुन्या सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं.

"तिसऱ्याला तो ढोलवाला घाई करायलाय," वहिनी म्हणाल्या. "वाजवनाऱ्याला दम घेऊ देत न्हाई."

"घाई कुठं, वैनी? उलट तोच धरून ठेवतोय," कंपाउंडर म्हणाले.

"धरतंय का ढकलतंय, कानानं ऐका की."

"माझे कान अजून चांगले हायेत. गुडघे गेले."

"मग परत लावा ते. लाव रे."

मुलाने सुई उचलून तिसऱ्या गाण्यावर ठेवली. दोघं पुढे सरकून ऐकू लागले, एकमेकांना बोटाने खुणा करत. संपलं तरी वाद मिटला नाही. सुनेने वहिनींची बाजू घेतली, मुलगा कंपाउंडरांकडे गेला, आणि जेवायला पानं वाढली तरी कुणी उठायला तयार नव्हतं. माझं मत त्यात कुणी विचारलं नाही.

हात धुताना मुलगा म्हणाला, "काका, शाळेला द्यायचं जरा लांबणीवर टाकतो. आई म्हणते, आधी सगळ्या एकदा ऐकून होऊ देत."