देशमुखांचा दुधी आणि अख्खी बिल्डिंग

दुधीचा वेल लावला की दुधी लागेलच असं नाही, किस्से मात्र पानागणिक लागतात. आमच्या सूसच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या देशमुखांनी वेल लावला आणि अख्ख्या बिल्डिंगला उद्योग मिळाला.

देशमुख आयटीतले, मूळचे लातूरकडचे. वडील पक्के शेतकरी. "सिमेंटात काय उगवतंय रे?" म्हणून फोनवर हसले. झालं! गडी इरेला पेटला. बाबा गणपतीनंतर येणार होते, तोवर एक तरी दुधी दाखवायचाच.

ऑनलाइन जाळी मागवली. वेलानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या खिडकीवरून सरळ दुसऱ्या मजल्यावर गेला आणि काळे काकांच्या वाळत घातलेल्या शर्टाची बाही धरून बसला. काकू म्हणाल्या, कोवळा आहे, ओढू नका. काका आठ दिवस टी-शर्टवर ऑफिसला गेले.

मग फुलं आली, पण फळ धरेना. आमची सोसायटी ज्यांच्या रानावर उभी आहे ते अण्णा शेजारीच राहतात. ते कंपाउंडवरून म्हणाले, "समदी नर फुलं हायेत. मादी फूल आलं की सांजंला नर फूल त्येच्यावर टेकवायचं." देशमुखांनी ऑफिसच्या कॅलेंडरवर रोज साडेसहाचा रिमाइंडर लावला, 'परागीकरण'. तो चुकून अख्ख्या टीमला गेला. अकरा जणांनी ॲक्सेप्ट केला, मॅनेजरनं अजेंडा मागितला.

एकदाचा बोटाएवढा दुधी धरला. कोवळ्या दुधीला सरळ बोट दाखवलं की तो कुजतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अख्खी बिल्डिंग बोट वाकडं करून नाहीतर हनुवटीनं दाखवायची. एक दिवस कुरिअरवाला आला आणि चांगलं सरळ बोट करून म्हणाला, "साहब, लौकी?" तिसऱ्या दिवशी दुधी गळून पडला.

देशमुख त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा यायचे होते. मला खरंच वाईट वाटलं हो. भाजीवाल्याकडे दुधी संपला होता, म्हणून मी दोडका आणला आणि खिडकीतून हात काढून दोऱ्यानं वेलाला बांधला. पानाआड काय कळतंय! कुणाला बोलले नाही. कुणीच कुणाला बोललं नाही, तिथंच घोटाळा झाला.

सकाळी बाबा वेलाखाली उभे. मागे देशमुख, रडकुंडीला आलेले. वेलाला माझा दोडका लटकतोय, त्याच्या वर काळे काकूंनी बांधलेलं पडवळ, आणि कंपाउंडच्या बाजूला अण्णांचा हातभर दुधी, सुतळीची गाठ मारलेला.

बाबांनी गाठ चाचपून बघितली. मग लेकाकडे बघितलं. मग खिडकीतल्या माझ्याकडे, वर काकूंकडे, भिंतीपलीकडच्या अण्णांकडे.

"ह्याचं बी राखून ठेव रे," ते म्हणाले. "असला वेल आपल्या गावात कुणाकडंच न्हाई."