गिटारच्या जागी

आमचा बँड तिघांचा होता. गिटारवर तो, मूळचा पुण्याचा. ड्रम्सवर चिकपेटमधल्या एका जुन्या मराठी घरातला मुलगा, ज्याच्या बोलण्यात निम्मं कन्नड असायचं. आणि बेस वाजवत गाणारी मी. गाणारी म्हणजे घसा खरवडून ओरडणारी. आमचं संगीत जड आणि संथ होतं, मध्येच फुटणारं. शब्द माझे, तेही आमच्या निपाणीकडच्या मराठीतले. नळावर बायका भांडतात तेव्हाचे शिव्याशाप मी लहानपणापासून कानात साठवले होते. ते कुठेतरी वापरायचेच होते.

कोरमंगल्यातल्या एका तळघरात आम्ही तीन वर्षं सराव केला. शेवटी पहिला पूर्ण अल्बम करायचं ठरलं, स्टुडिओही ठरला. रेकॉर्डिंगच्या आदल्या आठवड्यात मी ऑफिसच्या कॅबमधून व्हाइटफील्डला जात असताना गिटारवाल्याचा व्हॉइस मेसेज आला.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. पण तुझं मराठी फार गावठी वाटतं यार. बाहेरच्यांना आपण सीरियस वाटलो पाहिजे. इंग्लिशमध्ये गाणारा एकजण मिळालाय मला. बँडचं नाव माझ्याकडेच राहील. तू समजूतदार आहेस."

गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. सगळ्यात जास्त झोंबला तो 'समजूतदार'.

संध्याकाळी ड्रमरचा फोन आला. "अक्का, नोकरीसाठी तू बँड सोडलास म्हणे? मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

म्हणजे त्यानं हेही पसरवलं होतं. मी ड्रमरला तो मेसेज पाठवला. थोड्या वेळानं त्याचा पुन्हा फोन. "सरी, ठीक आहे. मग मीपण नाही त्याच्याबरोबर."

अल्बम आम्ही दोघांनीच करायचं ठरवलं. ड्रमरच्या आत्याचं साड्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर गोदाम. दुकान बंद असेल त्या दिवशी आम्ही तिथे माइक लावायचो. चारही भिंतींना छतापर्यंत गठ्ठे. त्यांत आवाज असा मुरायचा की माझं ओरडणं मला स्वतःलाच अगदी कानाशी ऐकू यायचं. मी मनातल्या मनात गिटारवाल्याला समोर उभं करायचे आणि सुरुवात करायचे. कितीतरी दिवस मला दुसऱ्या कुणावर ओरडायची गरजच पडली नाही.

पण गिटार नव्हती. ड्रम्स आणि बेसच्या मध्ये मोठं भगदाड राहत होतं. आम्ही काय काय घालून पाहिलं, काहीच बसेना. एका दुपारी मी तो मेसेज लॅपटॉपवर घेतला आणि त्याचा वेग कमी करत गेले. शब्द विरघळले. उरली एक लांबलचक, घोगरी घरघर, जुना जनरेटर जमिनीखाली चालू असावा तशी. मी ती ॲम्पमधून सोडली. गठ्ठ्यांवरची धूळ हलली.

ड्रमर उठून उभा राहिला. "हे काय आहे?"

"तोच आहे," मी म्हणाले.

त्याला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "अक्का, स्वल्प विचार कर. त्याला विचारायला नको?"

"मला काढताना त्यानं मला विचारलं होतं?"

त्यानं काठ्या उचलल्या. पहिला तुकडा त्याच दिवशी झाला.

अल्बमच्या कार्यक्रमाला गिटारवाला येईल असं मला वाटलं नव्हतं. आला. मागे, साउंडवाल्याच्या टेबलाशी हाताची घडी घालून उभा. पहिल्या तुकड्यात ती घरघर सुरू झाली, लोकांच्या छातीत उतरली, आणि मी त्याच्याचकडे बघत ओरडले. तो चक्क मान डोलावत होता.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याकडे आला. "मानलं तुला. पहिल्या ट्रॅकमधला तो घरघरणारा ड्रोन कसला जबरदस्त आहे! कुठला सिंथेसायझर वापरलास?"

हा क्षण मी अनेकदा मनात रंगवला होता. त्यात तो चिडलेला असायचा. तो माझं कौतुक करत असेल, हे कधी सुचलंच नव्हतं.

"सिंथ नाही," मी म्हणाले. "तुझा आवाज आहे. मला काढलंस तो मेसेज."

तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. कानांपर्यंत लाल झाला. "काढून टाक ते," तो हळूच म्हणाला. "प्लीज."

"नाही."

"कुणाला सांगणार आहेस?"

"विचारेल त्याला."

तो गेला. दारापर्यंत जाताना तीन-चार जणांनी थांबवून त्याला अल्बम कसा वाटला ते विचारलं. प्रत्येकाला त्यानं काय उत्तर दिलं माहीत नाही, पण त्याचे पडलेले खांदे मला दिसत होते. मला बरं वाटलं. लोक म्हणतात सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. मी पोटभर बिर्याणी खाल्ली आणि गाढ झोपले.

पुढच्या महिन्यात निपाणीला गेले तेव्हा आईनं अल्बम ऐकवायला सांगितला. डोळे मिटून तिनं तो शेवटपर्यंत ऐकला.

"कुणावर एवढं वरडालीस गं?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदर खोचला.

"ह्यातलं निम्मं शब्द माझंच हाईत," ती म्हणाली. "अजून लई हाईत माझ्याकडं. लिहून घे."