मामांचं गुलाबी औषध

लातूर नवीन जिल्हा झाल्यावर काही वर्षांनी दुष्काळ पडला, तेव्हा माझे मामा गावाबाहेरच्या चारा छावणीवर गुरांचे डॉक्टर होते. मला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली होती, म्हणून मी त्यांच्याच घरी राहायचो.

इंजेक्शन देताना एका देवणी जातीच्या बैलानं मामांच्या कमरेत लाथ घातली. मामांनी कुणाला विचारलं नाही. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ सुरू केल्या. गोळ्यांनी पोटात आग पडू लागली, तसं ॲसिडिटीचं गुलाबी औषध आलं. बाटली ते खिशातच ठेवत.

संध्याकाळी तिसरं औषध असे. त्या काळात लातुरात सारख्या नव्या कचेऱ्यांवर पाट्या चढत, आणि प्रत्येक पाटीच्या आनंदात साहेब लोकांची बैठक बसे. पिण्याच्या पाण्याला रांगा होत्या, बैठकीला कधी कमी पडलं नाही.

मामी म्हणायच्या, "रिकाम्या पोटी गोळी, वरून ते. दवाखान्यात दाखवा की एकदा."

"मी चार कप्प्यांच्या पोटाचा डॉक्टर हाय," मामा म्हणत. "एका कप्प्याचं मला काय सांगतीस? गुलाबी औषधानं आतून अस्तर लागतं. मग काय बी प्या."

आणि खरंच, बाटली तोंडाला लावली की आग थांबायची. मामांना वाटायचं, पोट बरं झालं. आम्हालाही तसंच वाटायचं.

एका दुपारी मी कचेरीच्या कामानं छावणीवर गेलो. एका शेतकऱ्यानं आजारी बैलाला डॉक्टरांच्या औषधासोबत घरचा काढा पाजला होता. मामा त्याच्यावर खेकसत होते, "मुकं जनावर हाय म्हणून काय बी पाजतोस? एका औषधावर दुसरं द्यायचं तर विचारावं लागतं!"

तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं साहेब."

मामांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं आणि कडब्याच्या गंजीला धरून खाली बसले. उलटी झाली. चहाच्या गाळासारखी, काळपट. चेहरा पांढराफटक पडला. त्याच शेतकऱ्यानं आणि मी त्यांना उचललं आणि कडबा उतरवून परत निघालेल्या ट्रकमध्ये आडवं केलं. सगळ्या वाटेनं तो त्यांचं डोकं मांडीवर धरून बसला होता.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "शौचाला काळं होत होतं?"

"हाव," मामा पुटपुटले. "लई दिवस झाले. उन्हाचं असंल म्हणलं."

"उन्हाचं नव्हे, पोटात जखम झालीय. गोळ्यांनी केली, दारूनं वाढवली."

"पण गुलाबी औषध घेत होतो की, बाई!"

"म्हणूनच कळलं नाही. त्यानं आग जाणवायची थांबली. जखम वाढतच होती."

मामा आणखी वाद घालणार, तोवर त्यांच्या नाकात नळी गेली. माझं रक्त जुळलं, ते दिलं. बैठकीतले साहेब नारळपाणी घेऊन आले. मामांनी आता जपायला हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ते उठून बैठकीला गेले.

मामा वाचले. दारू सुटली, त्या गोळ्याही सुटल्या. कंबर मात्र दुखायची थांबली नाही. मामी गरम विटेनं शेकत आणि मामा पालथे पडून कण्हत.

मग त्यांना नवाच छंद लागला. लग्नाच्या पंगतीत कुणी खिशातून गोळी काढली की मामा पान सोडून उठत. "कशाची हाय? जेवलास का? दुसरं काय घेतोस?" लोक त्यांना टाळू लागले. आधीचे मामा गमतीदार होते, हे मी एकदा मामींना बोलून दाखवलं.

"व्हते की," मामी म्हणाल्या. "मला हेच बरे हायेत." आणि त्यांनी वीट पुन्हा चुलीत ठेवली.