नूरबीचा डावा गुडघा

नूरबीला उद्या सकाळी दहाला ऑपरेशनच्या टेबलावर घेतील, आणि तिचा गुडघा पुन्हा कधीच वाकणार नाही हे तिला अजून माहीत नाही. दुसरं काही सुचत नाही मला.

जुन्नरात हातकागद करणारी दोनचारच घरं उरली, त्यातलं एक आमच्या शेजारचं, नूरबीचं. तिचे यजमान गफूरभाई लगद्याच्या हौदातून कागद उचलतात, ती वाळलेला कागद घोटते. जमिनीवर फळी, डावा पाय दुमडलेला, उजवा गुडघा उभा, हातात गुळगुळीत दगड. चाळीस वर्षं ती अशीच बसली. तिनं घोटलेल्या कागदावर शाई फुटत नाही, एवढीच तिची कीर्ती. डावा गुडघा मात्र पार झिजला.

माझा भगवंत पुण्यात हाडांचा डॉक्टर. छप्पनच्या दिवाळीत घरी आला, तिचा पाय पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, गुडघा उघडून आतली खरखर साफ करता येते, पण दुखणं परत येतं. वाटी काढूनही खात्री नाही. दोन्ही हाडं सांधून टाकली की दुखणं गेलं. फक्त पाय काठीसारखा सरळ राहील. तूच समजाव, माझं ती हसण्यावारी नेते."

नेलंच तिनं. "ह्याच गुडघ्यावर घोडा घोडा खेळलास, आन् आता त्योच कापतोस व्हय रं?"

मग मला विचारलं, "बाई, पयल्यासारखं बसता यील ना? कागद बी खाली बसून, नमाज बी खाली बसून."

"येईल की," मी म्हणाले.

नाही म्हटलं असतं तर ती गेलीच नसती. आणि भगवंताची ही पहिली मोठी शस्त्रक्रिया, वरचे डॉक्टर बघायला उभे राहणार. मी बी. ए. झालेली बाई, खुर्चीत बसून लिहिते, खुर्चीत बसून जेवते. चालता आलं की सगळं आलं, असं धरून चालले. तिनं संमतीपत्रावर अंगठा उठवला तो माझ्या शब्दावर.

पुण्याच्या इस्पितळात तिच्याजवळ तिची बहीण ठेवून गफूरभाई काल परतले. आज संध्याकाळी नवी फळी रंधा मारून दाखवायला आणली. "आली की हिच्यावरच बसंल." मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

उद्या आठला पोस्ट उघडतं. उघडताच भगवंताला ट्रंक कॉल लावणार आहे. चिडेल, चारचौघांत मान खाली घालायला लावलीस म्हणेल. म्हणू दे. मी त्याला सांगेन, आधी तिच्या खाटेजवळ जा, आई खोटं बोलली म्हणून सांग, आणि मग ती म्हणेल तेच कर.