विमानात बसलेली सून

निजाम जाऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. वाशीच्या बाजूला आमचं गाव. गावाला रस्ता नव्हता. बार्शीला जायचं तर बैलगाडीनं आधी सडक गाठायची, मग मिळाली तर मोटार. अशा ठिकाणी त्या हिवाळ्यात गायरानावर विमान उतरायला लागलं. अमेरिकेतलं एक जोडपं ते घेऊन यायचं. नुकतं लग्न झालेलं, नवरा विमान चालवायचा, बायको औषधं द्यायची. लांबच्या मोठ्या मिशन दवाखान्यातून ते दर मंगळवारी येत, गोळ्या वाटत, येशूची चित्रं दाखवत आणि कुणी फारच आजारी असलं तर सोबत नेत. चार महिने देवाचं काम करून घरी परत, असा त्यांचा बेत. आमच्याकडं नवं जोडपं सोनारीला भैरोबाच्या पाया पडून येतं, यांनी आमचं गायरान गाठलं होतं.

साहेबानं गावाला दोनच गोष्टी बजावल्या होत्या: गायरानात दगड नकोत आणि जनावरं नकोत. शाळेचे मास्तर हैदराबादला शिकलेले, त्यांना इंग्रजी यायचं, त्यांनी ते गावाला समजावून सांगितलं. गावानं दगड वेचले, गुरं हाकलली. पाण्याचं सांगायचं साहेबाला सुचलं नाही. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर माळावर पाणी कोण ओतणार?

माझ्या सासूबाईंनी ओतलं.

माझं पहिलंच बाळंतपण होतं. सोमवारी सकाळी सुईणीनं पोट चाचपलं आणि सांगितलं, मूल आडवं आहे, आजच्या आज बार्शीला न्या. नवऱ्यानं गाडी जुंपलीसुद्धा. सासूबाईंनी ती सोडायला लावली.

"उद्या इमान येतंय न्हव का? गाडीत पोरीची हाडं कशाला खिळखिळी करायची? सायेब घटकाभरात नेतोय तिला."

नवरा आईपुढं ब्र काढत नसे. सासूबाईंना माझी काळजी नव्हती असं मी म्हणणार नाही, पण त्या काळजीपेक्षा सून विमानात बसणार याची हौस मोठी होती. मी त्यांच्यासोबत पुढं जन्म काढला, मला त्या पुऱ्या ठाऊक आहेत.

मंगळवारी मला हिरवं लुगडं नेसवलं. कळांनी जीव चाललेला आणि ह्या माझी ओटी भरत होत्या. मग गाडीत घालून गायरानात आणलं, विमान जिथं थांबायचं तिथंच बाजूला. मागच्या खेपेला तिथं इतकी धूळ उडाली होती की मडम उतरल्या उतरल्या खोकून बेजार झाली. पाहुणी दारात खोकली, याची सासूबाईंना लाज वाटली होती. शिवाय आज विमान त्यांच्या घरच्या सुनेला न्यायला येत होतं. त्यांनी आळीतल्या बाया गोळा केल्या, विहिरीवरून घागरीवर घागरी आणल्या आणि अंगणात घालावा तसा तिथं सडा घातला. वर रांगोळीही काढली. सडा घालणं म्हणजे मान देणं, हे आम्हाला आईच्या पोटातून कळतं. काळ्या मातीत पाणी पडलं की चप्पलसुद्धा निघत नाही, हेही तितकंच कळतं. पण पाहुण्यासाठी सडा घालताना शेताची आठवण कुणाला येते?

विमान कोरड्यात नीट उतरलं, धावत आलं आणि रांगोळीवर शिरलं. पुढचं चाक रुतलं, शेपूट वर गेलं, नाकावरचा फिरता पंखा जमिनीवर आपटला. बाया किंचाळल्या. मी गाडीत उताणी पडून नुसता आवाज ऐकला.

साहेब उतरला तो ओरडतच. मास्तरांनी सांगितलं, "चाक भाईर काढा म्हणतेत." झालं, सारा गाव भिडला. चाक निघालं की विमान उडणार, असंच सगळ्यांना वाटलं. बैल हवे होते, आणि जवळ जुंपलेले बैल होते ते माझ्या गाडीचे. ते सोडले. जू खाली टेकलं, गाडी पुढं कलली, आणि मी डोकं खाली, पाय वर अशी घसरत राहिले. "बैल ठिवा, मला बार्शीला न्या," असं मी म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "दम धर गं. तुझंच इमान काढत्यात."

मडम माझ्यापाशी आली. माझ्याच वयाची असेल. तिनं पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. ती नवऱ्याकडं बघून ओरडली, तोही ओरडला. भाषा कळली नाही तरी भांडण कळलं. तिला बैल माझ्या गाडीला हवे होते, त्याला विमानाला. मग तिनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मला तिचा सासूबाईंइतकाच राग आला. अगं, डोळे कसले मिटतेस, बैलांचा कासरा धर.

दुपार कलता चाक निघालं. मास्तरांनी विचारलं, आता बाईला न्याल ना? साहेबानं वाकडा झालेला पंखा दाखवला. हे उडायचं नाही, हे त्याला पहिल्या घटकेपासून दिसत होतं. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. तेव्हा कुठं बैल परत माझ्या गाडीला आले. सडक यायच्या आत पोर पोटातच मेलं. सोबतच्या सुईणीनं ते गाडीतच ओढून काढलं. मुलगा होता.

गाडी तिथूनच वळवली. मला ताप भरला. विमान दुरुस्त होईस्तोवर ते जोडपं मास्तरांच्या घरी राहिलं आणि सासूबाई त्यांना रोज दूध पाठवत होत्या. साहेब म्हणाला, देवाची इच्छा. सासूबाई म्हणाल्या, देवाचीच करणी. तेवढ्यावर दोघांचं छान जमलं. नवा पंखा आला, तेव्हा मला विमानात घालून नेलं आणि दवाखान्यात पिशवी काढून टाकली. पुढच्या महिन्यात ते दोघं त्यांच्या देशाला गेले.

वर्षाच्या आत सासूबाईंनी मुलासाठी दुसरी मुलगी बघितली. सवतीवर कोण लेक देतो? पण सासूबाई मुलीकडच्यांना सांगत, "आमच्या घरात सुनंला इमानात बसवत्यात." मी शेजारी बसून मान हलवायची, असं ठरलेलं होतं, आणि मी हलवली.

लग्नानंतर ती पोरगी माझ्यासोबत भाकरी थापायला बसली. सोळाची असेल. हळूच म्हणाली, "आक्का, मला बी बसवत्याल का वो इमानात?"

"बसवत्याल की," मी म्हणाले. "आदी पोर मरावं लागतंय."

तिचे हात पिठातच थांबले आणि ती रडायला लागली. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, काय झालं. मी तव्यावरची भाकरी उलटली.