पाहुण्याला मी जोडायला लावलेले हात

दुसऱ्याच्या कथेचा शेवट मी त्याला न विचारता बदलला. छपाईची घाई होती, असं मी बरेच दिवस सांगत राहिलो. ते खोटं आहे.

जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सव अंकाचा मी संपादक होतो. झोटवाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त रेल्वे गार्डनी कथा दिली. मूळचे नागपूरकडचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. कथेत परग्रहावरचा एक जीव सीकर रोडलगतच्या शेतात उतरतो. गावकरी विचारतात, तुमचा देव कोणता? तो सांगतो, आम्ही सारं आकाश धुंडाळलं, घडवणारा कुणी सापडला नाही. दुःख मात्र सगळीकडे सापडलं. इथेही आहे का? एक म्हातारी म्हणते, "आहे की." "मग आपण एकाच घरचे," म्हणत तो तिच्या ओट्यावर बसतो. कथा संपते.

काका बौद्ध. विज्ञान आणि धम्म यांत त्यांना भांडण दिसत नसे. ही कथा म्हणजे त्यांची श्रद्धाच होती आणि ते मला पुरतं कळलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "अहो, गणपतीच्या अंकात देवच सापडत नाही म्हणता? बदला थोडं."

मी स्वतः देव मानत नाही. आरतीला टाळ्या वाजवतो त्या घरच्यांसाठी. कथा आहे तशी छापू, नाहीतर परत करू, एवढं म्हणता आलं असतं. मी चार ओळी लिहिल्या: आरती ऐकून पाहुण्याचे डोळे भरून येतात आणि तो मूर्तीपुढे हात जोडतो.

अंक निघाला त्या संध्याकाळी काकांच्या नातीने ती कथा मंचावरून वाचली. हिंदी शाळेतली मुलगी, अडखळत, पण जीव ओतून. शेवटाला टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत काकांचे हात मांडीवरून हलले नाहीत.

खाली उतरून तिने विचारलं, "आजोबा, मतलब तुमचा एलियनपण गणपतीला मानतो?"

"माझा नाही मानत, बेटा. संपादकसाहेबांचा मानते."

मी हसत म्हणालो, "काका, चार ओळींनी काय फरक पडतो?"

"मंग टाकल्या काऊन?"

ते पुन्हा मंडळात आले नाहीत. मला त्यांच्या दारात जायला वर्ष लागलं. त्यांनी चहा दिला. मी माफी मागितली.

"बदल सगळ्यांसमोर केला तुम्ही," ते म्हणाले, "अन् माफी माझ्या घरात, दार लावून?"

यंदा आरतीआधी मी माइक हातात घेतला. अध्यक्ष मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. काका आले नव्हते. नात मागे आजोबांसाठी मोबाइल उंच धरून उभी होती. मी आधी त्यांचा खरा शेवट वाचला. एकही टाळी वाजली नाही. मग म्हणालो, "त्या पाहुण्याचे हात मी जोडले, तेही भक्तीने नाही, भीतीने. काका, तुमचा विश्वास खोडून त्या जागी मी, मला स्वतःलाही न पटणारा विश्वास घातला. मला माफ करा."